सर्वांत दुबळ्या संघाला पहिली निवड : अमेरिकेचा ‘ड्राफ्ट’ आणि खिदिरपूरचा उलटा हिशेब

खिदिरपूर (कोलकाता) : एप्रिल महिना आला की अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलचे चाहते कागद-पेन्सिल घेऊन बसतात. आपल्या संघाने या वर्षी महाविद्यालयांतून बाहेर पडणारे कोणते खेळाडू घ्यावेत, कोणत्या फेरीत कोणाचे नाव पुकारावे, याच्या याद्या तयार होतात आणि त्यांवर हमरीतुमरी होते. या याद्यांना तिकडे ‘मॉक ड्राफ्ट’ म्हणतात. आयपीएल लिलावाच्या आदल्या दिवशी आपल्याकडे ज्या गप्पा रंगतात, त्याच जातीचा हा प्रकार आहे, असे वरवर पाहता वाटते. मात्र त्या याद्यांच्या मुळाशी असलेला नियम भारतीय चाहत्याच्या परिचयाचा नाही. तो नीट समजून घ्यायचा असेल, तर हुगळीकाठच्या खिदिरपूरसारख्या गोदी-वस्तीतील फुटबॉलशी त्याची तुलना करणे उपयोगी ठरते. खेळाडूंची निवड दोन्हीकडे होते. पण खेळाडू जातात त्या दिशा परस्परांच्या नेमक्या उलट आहेत.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचा, हातांनी खेळला जाणारा अंगमस्तीचा खेळ. त्याच्या ‘नॅशनल फुटबॉल लीग’मध्ये ३२ संघ आहेत. ‘ड्राफ्ट’ या शब्दाचा येथे मसुद्याशी काही संबंध नाही. लष्करातील सक्तीच्या भरतीलाही अमेरिकेत हाच शब्द आहे आणि तो अर्थ अधिक जवळचा. सात फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत आदल्या हंगामात तळाला राहिलेला संघ प्रथम निवड करतो आणि विजेता संघ सर्वांत शेवटी. ज्या संघाने खेळाडूचे नाव पुकारले, त्याच संघाशी त्याला वाटाघाटी कराव्या लागतात. आपला क्रम दुसऱ्या संघाला देऊन त्या बदल्यात खेळाडू किंवा पुढील वर्षाची निवड घेण्याची मुभा असते.

त्यामुळे चाहत्याची यादी ही नुसती मनातली इच्छा राहत नाही. आपल्या संघाची पाळी येईपर्यंत कोण शिल्लक राहील, आधीचे संघ कोणाला उचलतील, पहिला क्रम विकून दोन मधले क्रम घ्यावेत का, असा तो बुद्धिबळासारखा विचार असतो. अंदाज चुकण्यात तज्ज्ञही मागे नाहीत. २००० साली न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाने टॉम ब्रॅडीला सहाव्या फेरीत, १९९ व्या क्रमांकावर घेतले. पुढे त्याने सात वेळा विजेतेपद मिळवले. त्याच्या आधी पुकारलेल्या १९८ नावांतील बहुतेक आज चाहत्यांच्याही स्मरणात नाहीत.

या पद्धतीचा जन्म एका हरणाऱ्या मालकाच्या वैतागातून झाला. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांचा संघ त्या काळी तळाशी असे. महाविद्यालयीन खेळाडू हव्या त्या संघाशी करार करू शकत आणि चांगले खेळाडू पैसेवाल्या, जिंकणाऱ्या संघांकडेच जात. ही लीगच मग चार संघांची होऊन बसेल, असा बेल यांचा युक्तिवाद होता. तो मान्य झाला आणि ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियात पहिला ड्राफ्ट झाला. नऊ संघ, नऊ फेऱ्या. पहिला मान अर्थात ईगल्सचा. त्यांनी शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वांगरचे नाव घेतले. पैशांचे जमले नाही, बर्वांगर व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळला नाही आणि त्या वर्षी निवडलेल्या नऊपैकी एकालाही बेल यांना करारबद्ध करता आले नाही. तरीही नियम टिकला.

खिदिरपूरमध्ये हा नियम नाही. कोलकाता बंदराची ही जुनी वस्ती. येथील गोदी १८९२ पासूनची. बंदराच्या कामावर जगणाऱ्या या भागाचे नाव धारण करणारा खिदिरपूर स्पोर्टिंग क्लब कोलकाता फुटबॉल लीगमध्ये खेळतो, तर बंदर प्रशासनाचा कलकत्ता पोर्ट ट्रस्ट हा संघही या लीगने अनेक वर्षे पाहिला. १८९८ मध्ये सुरू झालेली ही लीग आशियातील सर्वांत जुन्या फुटबॉल लीगपैकी एक आहे. तिच्यात मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मेडन स्पोर्टिंग हे तीन बडे आणि बाकीचे ‘छोटे क्लब’ अशी विभागणी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. छोट्या क्लबाने मुलगा हेरायचा, एक-दोन हंगाम खेळवायचा आणि तो चमकला की बड्या क्लबाने न्यायचा, हा येथील शिरस्ता.

याचे ठळक उदाहरण कृशानू डे. ‘भारतीय मॅराडोना’ म्हणून ओळखला गेलेला हा डावखुरा खेळाडू प्रथम पोलीस संघात आणि नंतर पोर्ट ट्रस्टमध्ये खेळला. १९८२ मध्ये तो मोहन बागानमध्ये गेला. १९८५ मध्ये विकाश पांजी यांच्यासह तो ईस्ट बंगालमध्ये दाखल झाला, तेव्हा शहरात खळबळ उडाली. कृशानूच्या कारकिर्दीची चर्चा होते ती या दोन बड्या क्लबांच्या रंगांत. पोर्ट ट्रस्टचा उल्लेख चरित्राच्या पहिल्या परिच्छेदात येतो आणि तेथेच संपतो. अमेरिकी नियम लागू असता, तर असा मुलगा त्या वर्षी तळाला राहिलेल्या संघाच्या वाट्याला आला असता.

मराठीत ‘दलबदल’ म्हटले की आमदार आठवतात. बंगालीत मात्र हा शब्द फुटबॉलचाही आहे. हंगामाआधीच्या ठराविक दिवसांत खेळाडूंनी इंडियन फुटबॉल असोसिएशनच्या कार्यालयात येऊन सही करायची, म्हणजे क्लब बदलला. (नाव ‘इंडियन’ असले तरी १८९३ मध्ये स्थापन झालेली ही संस्था बंगालच्या फुटबॉलचा कारभार पाहते.) सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत या दिवसांना रहस्यकथेचे स्वरूप येई. प्रतिस्पर्धी क्लबाने गाठू नये म्हणून खेळाडूंना हॉटेलांत किंवा कार्यकर्त्यांच्या घरी दडवून ठेवले जाई आणि सहीच्या वेळी समर्थकांच्या गराड्यात कार्यालयात आणले जाई. नव्वदच्या दशकात ‘टोकन’ पद्धत आली, तेव्हा खेळाडूऐवजी त्याचे टोकन कोणाच्या ताब्यात आहे याची बातमी होऊ लागली. अमेरिकी चाहता यादी करतो; कोलकात्याचा चाहता पहारा देत असे. संघनिवडीवरून येथे क्लबही जन्माला आले आहेत. जुलै १९२० मध्ये मोहन बागानविरुद्धच्या सामन्यातून जोडाबागान क्लबाने शैलेश बोस यांना वगळले. त्यामुळे संतापलेले उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधरी बाहेर पडले आणि १ ऑगस्ट १९२० रोजी ईस्ट बंगालची स्थापना झाली.

तर मग ड्राफ्टच न्याय्य, असे म्हणावे काय? तितके सोपे नाही. ड्राफ्टमध्ये दुबळ्या संघाचे भले होते, पण कोठे काम करायचे हे ठरवण्याचा खेळाडूचा हक्क जातो. वॉशिंग्टन संघाने १९६८ मध्ये निवडलेला जेम्स ‘याझू’ स्मिथ पहिल्याच हंगामात मानेच्या दुखापतीने जायबंदी झाला. एकाच संघाशी बोलणी करण्याची सक्ती नसती तर आपल्याला चांगला करार मिळाला असता, असे म्हणत तो न्यायालयात गेला. १९७६ मध्ये न्यायालयाने तेव्हाचा ड्राफ्ट स्पर्धाविरोधी ठरवला आणि १९७८ मध्ये अपिलातही तो निष्कर्ष कायम राहिला. आजचा ड्राफ्ट उभा आहे तो खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या सामूहिक कराराच्या आधारावर. शिवाय तेथे खालच्या श्रेणीत घसरण नाही. तळाला राहण्याची शिक्षा नसून बक्षीस आहे, त्यामुळे हंगाम हातचा गेला की मुद्दाम हरण्याचा संशय दरवर्षी घेतला जातो. कोलकाता लीगच्या उतरंडीत हा नियम जसाच्या तसा आणला, तर शेवटच्या सामन्यांचे काय होईल, याची कल्पना करता येते.

भारतात ड्राफ्टचे प्रयोग झाले, पण त्यांचा गाभा बदलून. मार्च २००८ मध्ये आयपीएलने १९ वर्षांखालील विश्वविजेत्या संघातील खेळाडूंसाठी ड्राफ्ट घेतला. दिल्लीने घरचा विराट कोहली सोडून वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवानला पसंती दिली आणि कोहली बंगळुरूकडे गेला. मराठी चाहत्यांना जवळचा प्रसंग १५ डिसेंबर २०१५ चा. चेन्नई आणि राजस्थान या निलंबित संघांतील ५० खेळाडूंमधून पुणे आणि राजकोट या नव्या संघांना प्रत्येकी पाच जण निवडायचे होते. पहिला मान मिळाला पुण्याला, तो दुबळेपणामुळे नव्हे. पुण्याचे मालक, कोलकात्याचे उद्योगपती संजीव गोएंका यांनी उलट्या बोलीत उणे १६ कोटी रुपयांचा, म्हणजे मंडळालाच पैसे देण्याचा प्रस्ताव ठेवला होता. त्या जोरावर पुण्याने महेंद्रसिंह धोनीला १२.५ कोटींना घेतले. राजकोटने सुरेश रैनाला. धोनीसह पुणे पहिल्या वर्षी सातव्या स्थानावर राहिले. चाहत्यांपैकी किती जणांनी आपल्या यादीत पहिले नाव दुसरे कोणाचे लिहिले असते, हा प्रश्न अलाहिदा.

फुटबॉलमध्ये इंडियन सुपर लीगचा ड्राफ्ट २३ जुलै २०१७ रोजी मुंबईत झाला. नव्या जमशेदपूर संघाने अनस एडाथोडिकाला घेतले, कोलकात्याच्या एटीकेने युजेनसन लिंगडोहला. दोघांचीही किंमत १ कोटी १० लाख रुपये. ही रक्कम खेळाडूचे मानधन होते. त्याला घडवणाऱ्या क्लबासाठी त्यात वाटा नव्हता. त्यानंतर या लीगने ड्राफ्ट घेतला नाही.

खिदिरपूरसारख्या क्लबाच्या दृष्टीने खरा प्रश्न याच वाट्याचा आहे. जागतिक फुटबॉल महासंघाने, फिफाने, निवडीचा क्रम बदलण्याऐवजी पैशाचा प्रवाह बदलण्याचा मार्ग धरला. करार संपण्याआधी खेळाडू दुसऱ्या देशातील क्लबाकडे गेला, तर हस्तांतरण शुल्कातील पाच टक्के रक्कम तो १२ ते २३ वर्षांचा असताना ज्या क्लबांत शिकला त्यांच्यात वाटली जाते. पंधराव्या वर्षापर्यंत प्रत्येक वर्षाला पाव टक्का, सोळाव्यापासून अर्धा टक्का. याखेरीज २३ वर्षांपर्यंतच्या खेळाडूसाठी प्रशिक्षणाची भरपाई वेगळी. देशांतर्गत बदलांसाठीही घडवणाऱ्या क्लबांना मोबदला मिळेल अशी व्यवस्था प्रत्येक राष्ट्रीय संघटनेने करावी, असे फिफाचे नियम सांगतात.

कागदावर हिशेब सरळ आहे. सोळा आणि सतरा वर्षांचा असताना दोन हंगाम एखाद्या क्लबात काढलेला मुलगा पुढे परदेशी क्लबाने एक कोटी रुपये शुल्क मोजून नेला, तर त्या क्लबाला एक लाख रुपये मिळतात. मात्र त्यासाठी मुलाची त्या दोन वर्षांची नोंदणी रीतसर झालेली असावी लागते, शुल्क मोजले गेले असावे लागते आणि करार शिल्लक असावा लागतो. मैदानावरच्या छोट्या क्लबांचे करार बहुधा एका हंगामापुरते असतात. हंगाम संपला की खेळाडू मोकळा होतो, आणि मोकळ्या खेळाडूच्या शुल्काचे पाच टक्के शून्यच येतात.