शिष्यवृत्तीचा वर्ग

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुनश्च सुरू झाल्यानंतर जिल्हा परिषदेच्या एका शाळेतील पाचवीच्या वर्गात मी मागच्या बाकावर बसून अध्यापन पाहत होतो. भिंतीवरील वेळापत्रकात परिसर अभ्यासाची तासिका स्पष्टाक्षरांत लिहिलेली असतानाही फळ्यावर मात्र संख्यामालिका, सांकेतिक भाषा आणि आरशातील प्रतिमा यांचाच अंमल चालू होता. याचे कारण शोधण्यास दूर जावे लागत नाही. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षेत प्रत्येकी 150 गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात : पहिलीत प्रथम भाषेला 50 व गणिताला 100, दुसरीत तृतीय भाषेला 50 व बुद्धिमत्ता चाचणीला 100. परिसर अभ्यास, चित्रकला, कार्यानुभव यांच्या वाट्याला एकही गुण येत नाही; आणि ज्या विषयाला गुण नाही त्याचा तास प्रथम उसना घेतला जातो व पुढे तो परत करण्याचे कोणाच्या स्मरणात राहत नाही.

परंतु मला अधिक चिंतनीय वाटला तो भाषेचा तास. उतारा सुगरणीच्या घरट्याविषयी होता. आधी प्रश्न वाचावेत, मग उताऱ्यात उत्तर शोधावे, चार पर्यायांपैकी उघड चुकीचे दोन खोडावेत आणि उरलेल्यांतून एक निवडून त्याचे वर्तुळ काळे करावे, ही रीत बाई तळमळीने शिकवीत होत्या. इतक्यात एका मुलीने विचारले, “बाई, वादळात घरटं पडलं तर पिलांचं काय होतं?” बाई क्षणभर थांबल्या, “नंतर सांगते गं,” म्हणाल्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. मधल्या सुट्टीत त्याच मला म्हणाल्या, “निबंध शिकवायला मला फार आवडतो हो, पण केंद्रप्रमुख विचारतात ते किती मुलं यादीत आली एवढंच.”

त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. 1954-55 पासून चालत आलेल्या या परीक्षेने खेड्यापाड्यांतील कितीतरी निर्धन मुलांची बुद्धी समाजाच्या नजरेस आणली, हे मी कृतज्ञतेने मानतो. मात्र 2016-17 मध्ये ती चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला नेण्यात आली, तेव्हा जादा तास आणि सराव प्रश्नपत्रिकाही तिच्यामागोमाग गेल्या. वर्गात काय शिकवायचे याचा निर्णय प्रश्नपत्रिकेच्या आराखड्यातच होतो, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

म्हणून परीक्षा परिषदेला माझी विनंती आहे : पहिल्या प्रश्नपत्रिकेत निदान दहा ओळी मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहाव्यात असा एक प्रश्न ठेवा. तो तपासण्यास माणसे लागतील, खर्चही वाढेल. तो शासनाने सोसावा.