फार्न बेटांचे रखवालदार

सीहाउसेस बंदरात फार्न बेटांच्या बोटीत चढताना एक सल्ला हमखास मिळतो: टोपी घाला. मे-जूनमध्ये इनर फार्नच्या धक्क्यावर पाऊल ठेवलं की आर्क्टिक सुरय अंगावर येतात. त्यांची घरटी, म्हणजे जमिनीतला नुसता खळगा, पायवाटेला लागूनच असतात. आई-बाप वरून सूर मारतात आणि लाल, टोकदार चोचीने टाळूवर टोचतात. कधी रक्तही येतं. जेमतेम शंभर ग्रॅम वजनाचा हा पक्षी पिल्लासाठी माणसाच्या डोक्यावर चालून जातो. मला या धिटाईचा आदरच वाटतो.

त्याचा प्रवास तर थक्क करणारा. 2015 साली न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी इथल्या काही सुरयांच्या पायांना इवलीशी यंत्रं बसवली. त्यांतला एक जुलैत निघाला, आफ्रिकेला वळसा घालून हिंदी महासागरात गेला, तिथून अंटार्क्टिकाला, आणि पुढच्या मेमध्ये फार्नवर परतला. एकूण 96 हजार किलोमीटर.

इंग्लंडच्या ईशान्येला, नॉर्थम्बरलँडच्या किनाऱ्यासमोर ही बेटं आहेत. भरती-ओहोटीप्रमाणे 15 ते 20. सातव्या शतकात संत कथबर्ट इनर फार्नवर एकांतवासात राहिले आणि 687 साली तिथेच वारले. आयडर बदकांना त्यांनी अभय दिलं होतं, अशी आख्यायिका आहे. आजही तिथले लोक त्या बदकाला लाडाने कथबर्टच्याच नावाने हाक मारतात. अंडी चोरणारे आणि हौसेखातर गोळ्या झाडणारे मात्र एकोणिसाव्या शतकातही होतेच. आर्चडीकन चार्ल्स थॉर्प यांनी 1861 साली इनर फार्न आणि भोवतालची बेटं विकत घेतली, ती त्या काळात. 1925 पासून मालकी नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

ट्रस्टचे रेंजर वर्षातला बराच काळ बेटावर, एका जुन्या दगडी बुरुजात राहतात. नळ नाही, पिण्याचं पाणी बोटीने येतं. त्यांचं मुख्य काम ऐकायला अगदी साधं आहे: मोजणे. पफिन जमिनीत बीळ करून आत एकच अंडं घालतो, त्यामुळे लांबून त्याची मोजदाद होत नाही. बिळात कुणी राहतं की ते रिकामं आहे, हे कळायला हात कोपरापर्यंत आत घालावा लागतो, आणि आत पक्षी असला तर तो चावतो. 2018 साली अशी गणती करून सुमारे 44 हजार जोड्यांचा आकडा आला. कड्यांवर एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या गिलेमॉटांची गणती निराळी, पाणकावळ्यांच्या घरट्यांची निराळी. या चिकाटीशिवाय संरक्षण म्हणजे नुसता सद्भाव.

आणि 2022 च्या उन्हाळ्यात ती चिकाटी कामाला आली. बर्ड फ्लू बेटांवर पोचला. जे हात पक्षी मोजत होते, तेच संरक्षक पोशाख चढवून मेलेले पक्षी उचलू लागले. संख्या सहा हजारांच्या वर गेली. ट्रस्टने पर्यटकांना उतरू देणं बंद केलं. बोटी बेटांभोवती फिरत, पण धक्का बंद. 2024 च्या मार्चमध्ये इनर फार्न पुन्हा उघडलं. पर्यटनावर गुजराण करणाऱ्या सीहाउसेस गावासाठी हा काळ सोपा नव्हता, तरी निर्णय योग्यच होता असं मी म्हणेन. दाट वसाहतीत साथ आली असताना घरट्यांमधून माणसांची रांग नेणं कुणाच्याच हिताचं नव्हतं.

पण राखण पाण्याच्या काठापर्यंतच पोचते. पफिनच्या चोचीत ओळीने लटकणारे चंदेरी मासे, म्हणजे सँड ईल, समुद्रात असतील तरच बिळातलं पिल्लू जगतं. समुद्र तापतोय, आणि हेच मासे पशुखाद्यासाठी व तेलासाठी जाळ्यांनी उपसले जात होते. 2024 साली उत्तर समुद्राच्या इंग्लंडच्या हद्दीत त्यांची मासेमारी बंद झाली. युरोपीय संघाने हरकत घेतली, वाद आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेला. बोटभर लांबीच्या माशासाठी एक देश शेजाऱ्यांशी भांडायला उभा राहिला, तो मुख्यतः या पक्ष्यांसाठी. याचं मला मनापासून कौतुक आहे.