काठावरचा थायरॉइड

गेल्या वर्षी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, मुलाच्या आग्रहाखातर मी रक्ताच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. अहवालात एकच आकडा ठळक छापला होता : टीएसएच ७.२. शेजारच्या रकान्यात कमाल मर्यादा ४.५ होती. फ्री टी-४ मात्र मर्यादेत होता. खरं सांगायचं, तर तो ठळक आकडा पाहून मला हायसंच वाटलं. यजमानांना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. सकाळी उठवत नसे, नावं आठवत नसत, वजन वाढलं होतं. या सगळ्याला थायरॉइड म्हणता आलं, तर त्यावर निदान गोळी तरी होती.

त्या गोळीची किमया मी घरात पाहिली होती. चाळिशीत माझ्या थोरल्या बहिणीचा आवाज घोगरा झाला, चेहरा सुजला, भर मे महिन्यात ती शाल पांघरून बसायची. तिचा टीएसएच ८० च्या वर गेला होता आणि टी-४ तळाला. थायरॉक्सिन सुरू झालं आणि काही महिन्यांत माई पुन्हा पूर्वीची झाली. म्हणून मला प्रश्न पडला : तिचा आजार आणि माझा आकडा एकाच जातीचे आहेत का?

अवटू ग्रंथी थायरॉक्सिन हे संप्रेरक तयार करते. ते कमी पडू लागलं, की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच वाढवून तिच्यामागे तगादा लावते. टी-४ जरासा घटला तरी टीएसएच कितीतरी पटींनी चढतो. त्यामुळे टीएसएच वाढलेला, पण टी-४ शाबूत, अशी एक काठावरची अवस्था दिसते. तिला सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम म्हणतात. तगादा वाढलेला असतो, पण माल अजून पोचत असतो. ही अवस्था दुर्मीळ नाही. मुंबई आणि गोव्यासह भारतातल्या आठ शहरांत पाच हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात हे प्रमाण सुमारे ८ टक्के आढळलं.

काठावरची माणसं पुढे कुठे जातात? इंग्लंडच्या ईशान्य भागातल्या व्हिकम इथल्या रहिवाशांचा वीस वर्षं पाठपुरावा झाला. ज्या स्त्रियांचा टीएसएच वाढलेला होता आणि रक्तात अवटू ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडंही होती, त्यांच्यापैकी दरवर्षी सुमारे ४ टक्के उघड आजाराकडे गेल्या. नुसता टीएसएच वाढलेल्यांत हे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास होतं. उलट अनेकांचा आकडा काही महिन्यांनी आपसूक खाली येतो. नुकत्याच सरलेल्या दुखण्यानंतर टीएसएच तात्पुरता वाढू शकतो, रात्री व पहाटे तो दुपारपेक्षा जास्त असतो, आणि वयाबरोबरही थोडा चढतो. म्हणून एका अहवालावर निर्णय घ्यायचा नसतो.

हृदयाची भीती मला अधिक होती. अकरा अभ्यासांतल्या सुमारे ५५ हजार लोकांची माहिती एकत्र करून २०१० मध्ये केलेल्या विश्लेषणात हृदयविकाराचा वाढता धोका ठळकपणे दिसला, तो टीएसएच १० किंवा त्याहून अधिक असलेल्यांत. त्या आकड्यापुढे अनेक डॉक्टर गोळीचा विचार करतात, त्यामागे हे एक कारण आहे.

मग गोळीने थकवा जातो का? युरोपातल्या ‘ट्रस्ट’ या चाचणीत पासष्ट व त्यावरील वयाच्या ७३७ जणांपैकी निम्म्यांना थायरॉक्सिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी औषधविरहित गोळी दिली गेली. २०१७ मध्ये निष्कर्ष आले. औषध घेणाऱ्यांचा टीएसएच उतरला, पण वर्षभरानंतर थकवा दोन्ही गटांत सारखाच होता. २०१९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधून तज्ज्ञांच्या एका गटाने अशा प्रौढांना सरसकट गोळी देऊ नये, अशी ठाम शिफारस केली. मूल होण्यासाठी प्रयत्न करणाऱ्या स्त्रिया, टीएसएच २० च्या वर असलेले, तीव्र लक्षणं असलेले आणि तिशीपर्यंतचे तरुण यांना त्यातून वगळलं होतं. शिवाय मात्रा जास्त झाली, तर उतारवयात हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, हाडं ठिसूळ होऊ शकतात.

तीन महिन्यांनी माझा टीएसएच ५.८ आला. प्रतिपिंडं नव्हती. डॉक्टरांनी गोळी लिहिली नाही, वर्षातून एकदा तपासणी करायला सांगितली. मी म्हटलं, ‘‘मग हा थकवा कशाचा?’’ त्यांनी कागद बाजूला ठेवून विचारलं, झोप किती लागते, घरात कोण कोण असतं. दीड वर्षात हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी बोलू लागले आणि बराच वेळ बोलत राहिले.

माईची गोळी मात्र आजही चालू आहे, आणि माझी हकीकत वाचून कुणी आपली गोळी परस्पर बंद करू नये. पहाटे ती उपाशीपोटी पाण्याबरोबर घेते, चहा तासाभराने. अलीकडे त्या तासात ती मला फोन करते. मीही तोवर उठलेली असते.