रणजीचा दुष्काळ आणि प्रशिक्षकाच्या माथी खापर

बीड : पावसाचा दुष्काळ बीड जिल्ह्याच्या परिचयाचा आहे. क्रिकेटमधील एक दुष्काळ मात्र पिढ्यान्‌पिढ्या सरला तरी संपलेला नाही. रणजी करंडक स्पर्धेत मराठवाड्याचे प्रतिनिधित्व करणाऱ्या महाराष्ट्राच्या संघाने १९४०-४१च्या हंगामानंतर एकदाही विजेतेपद पटकावलेले नाही. ते विजेतेपद ज्यांनी जाणत्या वयात अनुभवले, ती पिढी आता जवळपास काळाच्या पडद्याआड गेली आहे.

हंगाम संपला की मैदानाच्या कट्ट्यापासून चहाच्या टपरीपर्यंत एकच मागणी ऐकू येते : प्रशिक्षक बदला. चाहत्यांचा हा संताप स्वाभाविक आहे. परंतु इतक्या दशकांच्या अपयशाचे खापर एका पदावरील व्यक्तीच्या माथी फोडणे कितपत योग्य आहे, हे तपासून पाहायला हवे.

दोन विजेतेपदे, तीन हुकलेल्या संधी

रणजी स्पर्धेला १९३४-३५मध्ये प्रारंभ झाला. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४०मध्ये संयुक्त प्रांताला, तर पुढच्याच हंगामात मद्रासला अंतिम सामन्यात नमवले. देवधरांचे वय तेव्हा अठ्ठेचाळीसच्या घरात होते आणि त्याच वयात त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ धावांची खेळी केली. विजय हजारे यांनी १९३९-४०मध्ये बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या. रणजी स्पर्धेतील ते पहिले त्रिशतक होते. त्या काळी आजच्यासारखे पूर्णवेळ प्रशिक्षक नसत. डावपेच आखण्यापासून नवोदितांना घडवण्यापर्यंतची जबाबदारी कर्णधारच पेलत असे.

त्यानंतर महाराष्ट्राने तीनदा अंतिम फेरी गाठली. १९७०-७१मध्ये वाडेकर, गावसकर, सरदेसाई आणि सोलकर हे मुंबईचे मातब्बर खेळाडू वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर होते. चंदू बोर्डे यांच्या संघाला याहून चांगली संधी मिळणे कठीण होते. तरीही सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखालील मुंबईने ४८ धावांनी विजय मिळवला. १९९२-९३मध्ये लुधियाना येथे पंजाबने महाराष्ट्राला हरवले. २०१३-१४मध्ये हैदराबाद येथे कर्नाटकने सात गडी राखून मात केली.

यांतील शेवटचा पराभव आजच्या चाहत्यांना विशेष सलतो. सुरेंद्र भावे यांच्या मार्गदर्शनाखाली खेळणाऱ्या त्या संघाने उपांत्यपूर्व फेरीत वानखेडे स्टेडियमवर मुंबईला, तर उपांत्य फेरीत बंगालला नमवले होते. केदार जाधवने त्या हंगामात १२२३ धावा फटकावल्या. पैठणचा अंकित बावणे आणि जालन्याचा विजय झोल हे मराठवाड्याचे खेळाडूही संघात होते. अंतिम सामन्यात महाराष्ट्राने पहिल्या डावात ३०५ धावा केल्या. उत्तरादाखल कर्नाटकने ५१५ धावांचा डोंगर उभारला आणि सामना तेथेच निसटला.

वीस बळींचे गणित

या आकड्यांतच दुखण्याचे एक मूळ सापडते. रणजीत निर्णायक विजयासाठी प्रतिस्पर्ध्याचे वीस बळी मिळवावे लागतात. साखळी सामन्यातील निर्णायक विजयाला सहा गुण मिळतात, तर सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्या संघाला तीन. बाद फेरीत तर अनिर्णित सामन्याचा निकालही पहिल्या डावाच्या आघाडीवरच ठरतो. म्हणजेच फलंदाज सामना वाचवू शकतात, जिंकून देण्याचे काम मात्र बहुधा गोलंदाजांनाच करावे लागते.

महाराष्ट्राची परंपरा प्रामुख्याने फलंदाजांची. भाऊसाहेब निंबाळकर यांनी डिसेंबर १९४८मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध काढलेल्या नाबाद ४४३ धावा ही आजही भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणी सामन्यांतील सर्वोच्च खेळी आहे. परंतु त्याच हंगामात पुण्यातच झालेल्या उपांत्य सामन्यात मुंबईने महाराष्ट्राला ३५४ धावांनी हरवले. त्या सामन्यात दोन्ही संघांनी मिळून २३७६ धावा केल्या होत्या. धावांचा पाऊस पडला, तरी विजेतेपदाची विहीर कोरडीच राहिली.

एका राज्यात तीन संघ

महाराष्ट्र राज्यातून रणजीत तीन संघ उतरतात. मुंबई व परिसराचा संघ वेगळा, विदर्भातील अकरा जिल्ह्यांचा वेगळा. पुणे, पश्चिम व उत्तर महाराष्ट्र, मराठवाडा आणि कोकणातील काही जिल्हे महाराष्ट्राच्या संघाकडे येतात. प्रदेश विस्तीर्ण, पण संघटनेचे केंद्र पुण्यात. त्यामुळे दूरच्या तालुक्यातील मुलाला निवड चाचणीसाठी शेकडो किलोमीटरचा प्रवास घडतो.

गुणवान खेळाडू अन्यत्र गेल्याचे दाखलेही जुने आहेत. सांगलीचे हजारे पुढे बडोद्याकडून खेळू लागले. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूरच्या झहीर खानने २०००-०१मध्ये बडोद्याच्या विजेतेपदात मोलाचा वाटा उचलला. बीडमध्ये जन्मलेला संजय बांगर १९९३-९४पासून रेल्वेकडून खेळला आणि त्या संघाचा आधारस्तंभ ठरला. त्याच्या कारकिर्दीत रेल्वेने २००१-०२ आणि २००४-०५ या हंगामांत रणजी करंडक जिंकला. ज्या बीड शहरातून अहिल्यानगरकडे जाणारी प्रवासी रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ रोजी सुरू झाली, त्या शहराचे नाव रेल्वेच्या क्रिकेट संघाशी कितीतरी आधी जोडले गेले होते.

प्रशिक्षकाच्या हाती किती?

बांगरचीच पुढील वाटचाल या वादावर प्रकाश टाकते. २०१४मध्ये त्याच्या मार्गदर्शनाखाली किंग्ज इलेव्हन पंजाब आयपीएलच्या अंतिम फेरीत पोहोचला. त्याच वर्षी तो भारतीय संघाच्या प्रशिक्षक वर्गात दाखल झाला. २०१९च्या विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत न्यूझीलंडने भारताला १८ धावांनी हरवले. त्यानंतर मुख्य प्रशिक्षक रवी शास्त्री आणि गोलंदाजी व क्षेत्ररक्षणाचे प्रशिक्षक कायम राहिले. फलंदाजी प्रशिक्षक बांगरच्या जागी मात्र विक्रम राठोड यांची नियुक्ती झाली. यशाचे श्रेय खेळाडूंचे आणि अपयशाचे मानकरी प्रशिक्षक, हा या क्षेत्राचा जणू अलिखित नियम आहे.

राज्याच्या संघात प्रशिक्षकाचे अधिकार आणखी मर्यादित असतात. संघ निवड समिती ठरवते. अंतिम अकरा निवडताना कर्णधाराचा शब्द महत्त्वाचा असतो. प्रशिक्षकाच्या हाती सराव, डावपेच, शिस्त आणि तंदुरुस्ती या बाबी उरतात. ज्याची गोलंदाजीची शैली सोळाव्या वर्षी घडायला हवी होती, त्याला पंचविसाव्या वर्षी हंगामापूर्वीच्या काही आठवड्यांत घडवणे कोणालाही अवघड आहे.

तरीही प्रशिक्षकाने काहीच फरक पडत नाही, असे म्हणता येणार नाही. चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली विदर्भाने २०१७-१८मध्ये प्रथमच आणि २०१८-१९मध्ये पुन्हा करंडक जिंकला. पुढे त्यांनी मध्य प्रदेशाची सूत्रे घेतली आणि २०२१-२२मध्ये त्या संघालाही पहिले विजेतेपद मिळवून दिले. कठोर शिस्तीचा प्रशिक्षक संघाला अखेरची पायरी चढायला लावू शकतो, हे यातून दिसते.

विदर्भाचा धडा

मात्र आधीच्या पायऱ्या कोणी बांधल्या, हेही पाहिले पाहिजे. १९५७-५८पासून रणजी खेळणाऱ्या विदर्भाने पहिल्या विजेतेपदापूर्वीच्या दशकात अकादमी आणि गोलंदाजांच्या जडणघडणीवर भर दिला होता. उमेश यादव तेथूनच पुढे आला. २०१७-१८च्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने हॅट्‌ट्रिक साधली, तर पुढच्या वर्षीच्या अंतिम सामन्यात आदित्य सरवटेने ११ बळी घेतले. वसीम जाफरसारखा अनुभवी फलंदाज बाहेरून आला, पण बळी घेणारे हात घरचेच होते.

पंडित गेल्यानंतरही ही व्यवस्था टिकली. विदर्भाचेच माजी खेळाडू उस्मान घनी यांच्या मार्गदर्शनाखाली संघ २०२३-२४मध्ये उपविजेता आणि २०२४-२५मध्ये विजेता ठरला. त्या विजयी हंगामात हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन स्पर्धेच्या एका हंगामातील विक्रम नोंदवला. प्रशिक्षक बदलला तरी यश ओसरले नाही, हा विदर्भाचा खरा धडा आहे.

महाराष्ट्राने २०२५-२६च्या हंगामासाठी पृथ्वी शॉ आणि जलज सक्सेना यांना संघात घेतले. अशा खेळाडूंनी संघाची ताकद वाढते. परंतु वरून आणलेले पाणी टाकीपुरतेच पुरते. झरा गावातच शोधावा लागतो.

बीडचा मुलगा कोठे शिकतो?

हा झरा आटलेला नाही, हे बीडच्या सचिन धसने ६ फेब्रुवारी २०२४ रोजी दाखवून दिले. १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध २४५ धावांच्या लक्ष्याचा पाठलाग करताना भारताची अवस्था ४ बाद ३२ झाली होती. सचिनने ९६ धावा करताना कर्णधार उदय सहारनसह १७१ धावांची भागीदारी रचली आणि भारताने दोन गडी राखून विजय मिळवला. बीडमध्ये पूर्ण लांबीची टर्फ खेळपट्टी नसल्याने त्याने अर्ध्या खेळपट्टीवर सराव केल्याचे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले होते.

या यशाचे कौतुक करताना दुसरी बाजू दिसायला हवी. अर्ध्या खेळपट्टीवर एखादा जिद्दी फलंदाज चेंडू अंगावर घेत घडू शकतो. वेगवान गोलंदाजाला मात्र पूर्ण बावीस यार्डांची खेळपट्टी, धावत येण्यास मोकळी जागा आणि पाऊल चुकले की तत्काळ सांगणारा जाणकार लागतो. वीस बळींचा प्रश्न असा जिल्ह्याच्या मैदानापर्यंत येऊन पोहोचतो.

म्हणून चाहत्यांनी जाब जरूर विचारावा, मात्र प्रश्न बदलून. प्रशिक्षक कोण, एवढेच विचारून भागणार नाही. त्याला किती हंगाम मिळणार, जिल्ह्याजिल्ह्यांत पूर्ण खेळपट्ट्या किती आणि सोळा वर्षांच्या गोलंदाजाला शिकवणारा माणूस त्याच्या गावापासून किती अंतरावर आहे, हेही विचारले पाहिजे. या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत तोवर प्रशिक्षक येतील आणि जातील. देवधरांच्या संघाने जिंकलेल्या करंडकाची प्रतीक्षा मात्र सुरूच राहील.