कायदा धक्क्यावर उभा असतो

पहाटे ससून डॉकला बोट लागली की प्रत्येकाची घाई सुरू होते. खलाशांना बर्फातला माल बाहेर काढायचा असतो, कोळणींना लिलावात पुढची जागा हवी असते, गाडीवाल्याला वाट हवी असते. त्या धांदलीत एकच माणूस निवांत वाटतो. त्याच्या हातात वही असते. माल विकत घ्यायला तो आलेला नसतो, मोजायला आलेला असतो.

तो मत्स्य सर्वेक्षक. धक्क्याला किती बोटी लागल्या, हे तो आधी टिपतो. पंधरापर्यंत असतील तर सगळ्या मोजायच्या. त्याहून जास्त असतील तर ठरलेल्या क्रमाने काही निवडायच्या. आवडीची किंवा ओळखीची बोट निवडायची मुभा नाही. बोट ठरली की तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, चार प्रश्न विचारायचे.

“किती दिवसांची फेरी?”

“आठ.”

“पाणी किती?”

“बावीस वाव.”

“जाळं रोज किती वेळा टाकलं?”

तांडेल वहीकडे बघतो. “तुम्ही फिशरीचे का?” हा प्रश्न रोजचा आहे. दंड करणारा वेगळा, मोजणारा वेगळा, हे धक्क्यावर पटवून द्यावं लागतं. पटलं की उत्तर मिळतं, आणि मग टोपल्या मोजल्या जातात: राणी मासा इतक्या, माकूल इतक्या, बोंबील, मांदेली, ढोमा. एका टोपलीचं वजन काढून संख्येने गुणायचं, शिवाय थोडी मासळी वेगळी काढून एकेकीची लांबी घ्यायची. अशा टोपल्यांवरून कोचीची केंद्रीय समुद्री मात्स्यिकी संशोधन संस्था अख्ख्या देशाच्या किनाऱ्याचा अंदाज बांधते. २०२३ साली तो सुमारे ३५ लाख टन होता. मासेमारीबंदी किती दिवस ठेवायची, कुठली जात संकटात आहे, परवाने वाढवायचे की गोठवायचे, यावरच्या चर्चेत पुढे येणारा आकडा इथून निघतो.

टोपलीच्या कडेला पापलेटं होती. सर्वेक्षकाने एक उचलून फळीवर ठेवलं, तोंड लाकडाला टेकवलं, शेपूट सरळ केली. अंगठ्याने खवले पुसले गेले आणि खाली चंदेरी डाग राहिला. पट्टी १३५ मिलिमीटरच्या अलीकडेच थांबली. महाराष्ट्राने २०२३ साली ५४ जातींसाठी किमान आकार ठरवले: पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. त्याहून लहान मासा पकडणं हा गुन्हा. त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला. फळीवरचा राज्यमासा कायद्याने पकडायलाच नको होता.

“मग काय करू?” तांडेल म्हणाला. “जाळं वर येईस्तोवर तो मेलेलाच असतो. परत टाकला तर कायदा पाळला जाईल, मासा थोडाच जगणार आहे?”

याला चटकन उत्तर देता येत नाही. तळ खरवडत दोन-तीन तास ओढलेल्या ट्रॉल जाळ्यात मासा चेपून मरतो. दिवस उजाडल्यावर धक्क्यावर पट्टी लावली, तर गुन्हेगार सापडेल. मासा वाचणार नाही. आकाराचा नियम हवाच, कारण लहान पापलेटला गिऱ्हाईक मिळालं नाही तर त्याच्यासाठी जाळं टाकण्यात अर्थ उरत नाही. पण जिवंत मासा सुटायचा असेल तर तो समुद्रातच सुटला पाहिजे, आणि ते ठरतं जाळ्याच्या आसेवर, म्हणजे विणीतल्या भोकावर.

धक्क्याच्या टोकाला ट्रॉलचा खोला, म्हणजे मासळी साठते ती शेवटची पिशवी, वाळत पडला होता. आस हातात धरली तर तिरकी, शंकरपाळ्यासारखी. दोन बाजूंनी ताणली की ती मिटते आणि बोटही आत जात नाही. बोट जाळं ओढते तेव्हा पाण्यात हेच घडतं: कागदावरची मोठी आस प्रत्यक्षात बंद होते. म्हणून कोचीच्याच केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने ४० मिलिमीटर चौकोनी आसेच्या खोल्याची शिफारस केली. चौकोनी आस ताणाखालीही उघडी राहते, लहान मासा निसटतो. या शोधाला उपग्रह लागत नाही, दोरा आणि गाठ पुरते. अडचण दुसरीच आहे. निसटलेल्या माशाबरोबर त्या फेरीच्या डिझेलचा काही खर्चही निसटतो, आणि शेजारच्या बोटीची आस बारीक असेल तर सुटलेला मासा तिच्याच टोपलीत जातो.

शेजारची बोट कुठल्या पाण्यात आहे, यावर कायदाही बदलतो. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, राज्याची हद्द. तिथे महाराष्ट्राचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम लागू. त्यापुढे २०० मैलांपर्यंतचं अनन्य आर्थिक क्षेत्र केंद्राचं. गंमत अशी, की त्या पट्ट्यात परदेशी बोटींसाठी १९८१ पासून कायदा होता. आपल्या बोटींसाठी नीट चौकट नव्हती. प्रखर दिव्यांनी मासळी गोळा करणाऱ्या एलईडी मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. राज्याने २०२१ च्या दुरुस्तीत तिचा दंड ५ ते २० लाखांवर नेला आणि सुनावणी तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे दिली. बाहेरच्या पट्ट्यासाठी केंद्राचे नियम आले ते नोव्हेंबर २०२५ मध्ये: यांत्रिक बोटींना ऑनलाइन प्रवेश-परवाना, एलईडीला आणि दोन बोटींनी मिळून ओढायच्या जाळ्याला मनाई, पारंपरिक लहान होड्यांना सूट.

समुद्रावर मात्र रेघ मारलेली नसते. रात्री दिवा लावलेली बोट अकराव्या मैलावर आहे की तेराव्या, हे गस्ती नौका तिथे पोचली तरच सिद्ध होतं. म्हणून ड्रोन आले, म्हणून ट्रान्सपाँडर आले. देशभरातल्या एक लाख बोटींवर ते बसवण्याच्या योजनेची सुरुवात ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पालघरहूनच झाली. ट्रान्सपाँडर बोट कुठे आहे ते सांगतो. तिच्या खोल्याची आस केवढी आहे, हे त्याला कळत नाही.

लिलाव उरकला तसे माकुलाचे क्रेट निर्यातदाराच्या गाडीत चढले. इथून पुढे परक्या देशांचे कायदे सुरू होतात. युरोपीय संघाने १ जानेवारी २०१० पासून नियम केला, की मासळी कायदेशीर बोटीने पकडल्याचा दाखला असल्याशिवाय माल उतरू द्यायचा नाही. आपल्याकडे तो दाखला सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण तपासून देतं आणि त्यावर बोटींची नावं लागतात. इथे पाच बोटींचा माकूल एका बर्फात पडतो. कुठला कुणाचा, हे सांगायला पुन्हा धक्क्यावरची वहीच लागते. अमेरिकेने तर कासव सुटण्याची सोय जाळ्यात नाही म्हणून २०१९ पासून आपली समुद्रात पकडलेली कोळंबी घेणंच थांबवलं. तळ्यात वाढवलेली चालते, ट्रॉलरची चालत नाही.

जिनिव्हाचं प्रकरण आणखी वेगळं. बेकायदा मासेमारीला आणि खालावलेल्या साठ्यांवरच्या मासेमारीला सरकारी अनुदान देऊ नये, असा करार तिथल्या जागतिक व्यापार संघटनेत जून २०२२ मध्ये झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अमलात आला. त्या वाटाघाटींत भारताने विकसनशील देशांसाठी २५ वर्षांची मुदत मागितली होती. धक्क्यावर अनुदान म्हणजे सोसायटीमार्फत मिळणारा डिझेलवरच्या कराचा परतावा. तो उशिरा येतो, ही प्रत्येक तांडेलाची तक्रार. दूरच्या महासागरात कारखान्याएवढ्या बोटी चालवणाऱ्या देशांचं अनुदान आणि हा परतावा एका तागडीत घालू नये, हे म्हणणं रास्त आहे. पण ती सवलत मागताना, आपण मासळी राखतो हेही दाखवता आलं पाहिजे.

ते दाखवायची सगळ्यात सोपी वेळ वर्षातून एकदा येतेच. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, पश्चिम किनाऱ्यावरच्या यांत्रिक बोटी बंद असतात. बोटी शाकारलेल्या, जाळी जमिनीवर पसरलेली, गाठी मारायचं काम चाललेलं. तेव्हा आस तपासायला गस्ती नौका लागत नाही, हद्दीचा वाद उद्भवत नाही आणि मेलेल्या माशाचा पंचनामाही करावा लागत नाही. एक पट्टी पुरते. बारीक आसेचा खोला काढून चौकोनी आसेचा बसवायला सरकारने पैसे द्यावेत, तो बसवल्याचा शिक्का परवान्यावर मारावा, आणि तो शिक्का असेल तरच डिझेलचा परतावा द्यावा. किनाऱ्यावरच्या सगळ्या बोटींना एकदम हे लागू केलं, तर कुणाचा सुटलेला मासा कुणाच्या टोपलीत जाईल हा तांडेलाचा हिशोबही मिटतो.