डाएटवाल्या गिऱ्हाइकाला कोणती भाजी द्यायची? गावातल्या दुकानदारासाठी सरळ हिशेब



या आठवड्याच्या व्हिडिओत "डाएटवाला गिऱ्हाईक" हा विषय घेतला होता. व्हिडिओत सगळे आकडे बसत नाहीत, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. तुम्ही भाजीचं दुकान, किराणा, डबा किंवा घरगुती खाद्यपदार्थाचा धंदा सुरू करायच्या विचारात असाल तर वही-पेन घेऊन वाचा.

आमचं गिरड म्हणजे समुद्रपूर तालुक्यातलं गाव, टेकडीवरच्या बाबा फरीद यांच्या दर्ग्यासाठी ओळखलं जाणारं. इथेसुद्धा आता काउंटरवर "भाऊ, डायटवाली भाजी द्या न" असं ऐकू येतं. शिक्षक, बँकेतले कर्मचारी, शुगर निघालेले काकाजी, बाळंतपणानंतर वजन वाढलेल्या ताई, असा हा गिऱ्हाईक आहे. म्हणजे मागणी आहे. पण मागणी दिसली की माल भरायचा, एवढ्यानं धंदा होत नाही. आधी गिऱ्हाईक नेमकं काय मागतोय ते समजून घ्या.

हे वेड आलं कुठून?

महाराष्ट्रात याची सुरुवात आपल्या विदर्भातूनच झाली असं म्हटलं तरी चालेल. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार दिवसातून दोनदाच जेवा असं व्याख्यानांतून सांगायचे. २००४ मध्ये अपघातात ते गेले. त्यांचाच विचार पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगावी नेला: दोन वेळा जेवण, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत, गोड कमी, प्रोटीन जास्त आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं. त्याच काळात ऋजुता दिवेकर यांनी थोडं थोडं, वेळेवर आणि आपलं घरचं खा असा वेगळा सल्ला दिला. दोघांवर घराघरात वाद झाले.

तिसरा प्रकार कीटो. हा मुळात वजनासाठी निघालेलाच नाही. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी फिट्सच्या रुग्णांसाठी तो सुचवला. त्यात दिवसभराची कर्बोदकं साधारण २० ते ५० ग्रॅमवर आणतात. साधा लो-कार्ब म्हणजे ढोबळमानाने १३० ग्रॅमच्या आत.

आता तुलना करा. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतीय माणूस रोजच्या उष्मांकातला सुमारे ६२ टक्के भाग कर्बोदकांतून घेतो. २००० उष्मांकांवर हे ३०० ग्रॅमच्या वर जातं. तिथून १३० वर यायचं तर ताटातला भात-पोळीचा ढीग कमी होणार आणि भाजी वाढणार. दुकानदाराचा संबंध इथे येतो.

भाज्यांचे तीन खाने

मी माझ्या दुकानात मनातल्या मनात तीन खाने केलेत. आकडे १०० ग्रॅम कच्च्या भाजीचे, फायबर सोडून, अंदाजे धरा.

पहिला खाना, ५ ग्रॅमच्या आसपास किंवा कमी: पालक, मेथी, चिवळ, आंबट चुका, पत्ताकोबी, फुलकोबी, लवकी, दोडके, ढेमसं, कारलं, वांगी, भेंडी, काकडी, मुळा, टमाटर, ढोबळी मिरची.

दुसरा खाना, ६ ते १२ ग्रॅम: गाजर, बीट, कांदे, ओले वटाणे. हे बंद नाहीत, पण वाटीनं मोजून.

तिसरा खाना, १५ ते २५ ग्रॅम: आलू, सुरण, रताळं, मक्याचं कणीस. डाएटवाल्याच्या हिशेबात हे भाजीत धरायचे नाहीत, भात-पोळीच्या जागी धरायचे.

एक सोपी खूण सांगतो. पानं, फुलं आणि वेलावरची बरीचशी फळं पहिल्या खान्यात. जमिनीखाली पोसलेलं आणि दाण्याचं सहसा दुसऱ्या-तिसऱ्या खान्यात. मुळा अपवाद आहे, पण नव्या माणसाला काउंटरवर बसवायला ही खूण पुरते.

आणि गंमत बघा. पहिल्या खान्यातला बहुतेक माल आपल्या गुजरीत रोज येतो. ब्रोकोली, झुकिनी नागपूरहून आणून फ्रिजमध्ये पिवळी पाडायची गरज नाही. पावसाळ्यात चिवळ आणि तरोटा, हंगामात काटवल. हीच तुमची "डाएट रेंज".

जिथे गिऱ्हाईक फसतो

ज्वारी: "भाकर खातो, म्हणजे लो-कार्ब" असं लोक सांगतात. ज्वारीच्या पिठात वजनाच्या जवळपास दोन तृतीयांश कर्बोदकंच असतात. गहूही तिथेच आसपास. भाकरीत फायबर चांगलं, पोट भरतं, पण दोन भाकरी म्हणजे दोन भाकरीच. ५० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत ३३-३४ ग्रॅम कर्बोदकं गेली.

झुणका: बेसनात प्रोटीन २० टक्क्यांच्या वर आहे हे खरं, पण अर्धं वजन कर्बोदकांचंच आहे.

उपवास: साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यात आलू टाकला की आठवड्याचं डाएट एका एकादशीत संपतं. अशा गिऱ्हाइकाला काकडी, दही आणि मूठभर शेंगदाणे सुचवा. मूठभरच, कारण १०० ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर उष्मांक असतात.

गूळ: "साखर बंद केली, गूळ घेतो." रक्तातल्या साखरेला हा फरक फारसा कळत नाही.

सोयाबीन: आपल्याकडेच आहे, आपणच खात नाही

आपल्या जिल्ह्यात सोयाबीनचे ट्रक भरून जातात, पण ताटात सोयाबीन दिसत नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी १९३५ च्या सुमारास सोयाबीन रोजच्या जेवणात वापरून बघितलं होतं आणि 'हरिजन'मध्ये त्याबद्दल लिहिलंही होतं. सोयाबीनमध्ये ३५ ते ४० टक्के प्रोटीन आहे आणि कर्बोदकं धान्याच्या अर्ध्याहून कमी. भाजलेलं सोयाबीन, ज्वारीत मिसळायचं सोया पीठ, हे घरगुती धंद्याचे चांगले माल आहेत. अट एकच: सोयाबीन नीट उकळून किंवा भाजूनच दळा. कच्च्या दाण्यातले काही घटक प्रोटीन पचू देत नाहीत.

आता पैशाचा हिशेब

समजा तुम्ही निवडून-चिरून पाव किलोची भाजी पिशवी विकायची ठरवली. हे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत, तुमच्या गावचे भाव टाकून बघा.

भाजी १५ रुपये, निवडण्याची मजुरी ६ रुपये, पिशवी-स्टिकर २ रुपये. एकूण २३. विक्री ४० रुपये. रोज २० पिशव्या केल्या आणि सगळ्या गेल्या तर ८०० वजा ४६०, हाती ३४०.

चार पिशव्या उरल्या तर? ६४० वजा ४६०, हाती १८०. माल उरला फक्त २० टक्के, पण नफा जवळपास अर्धा झाला. आठ उरल्या तर हाती फक्त २० रुपये. दिवसभर राबून चहाचे पैसे.

चिरलेली भाजी दुसऱ्या दिवशी विकता येत नाही आणि विकूही नये. म्हणून गिरडसारख्या गावात हा धंदा "आधी ऑर्डर, मग सुरी" या नियमानंच करा. रात्री आठपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर नाव घ्या, सकाळी तेवढीच भाजी चिरा. डाएट करणारा माणूस पहिल्या महिन्यात जोरात असतो, नंतर गळतो. त्याच्या भरवशावर मोठा फ्रिज कर्जानं घेऊ नका. पहिल्या खान्याची भाजी साध्या गिऱ्हाइकालाही लागते, त्यामुळे न चिरलेला माल कधीच अडकत नाही.

हे तोंडातून काढू नका

हा भाग नीट वाचा, कारण इथे प्रश्न गल्ल्याचा नाही, माणसाच्या जिवाचा आहे.

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. म्हणजे तुमच्या काउंटरवर उभा असलेला डाएटवाला बऱ्याचदा गोळी किंवा इन्सुलिन घेणारा असतो. त्यानं भात-पोळी एकदम बंद केली आणि औषध तेवढंच ठेवलं, तर साखर धोकादायक खाली जाऊन चक्कर येऊ शकते, शुद्ध हरपू शकते. म्हणून "गोळी चालू आहे का? मग आधी डॉक्टरांना विचारा" हे वाक्य पाठ करून ठेवा. किडनीचा आजार असेल तर प्रोटीन वाढवणं हा डॉक्टरांचा निर्णय. मुतखडा असेल तर पालकाचा मारा नको. रक्त पातळ करायची वॉरफरिन गोळी चालू असेल तर पालेभाजी अचानक वाढवायची नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या ताईंना डाएट पिशवी विकायचीच नाही, साधी भाजी द्या.

आणि पाटीवर "शुगर मुळापासून बरी", "१५ दिवसांत ५ किलो कमी" असं काही लिहू नका. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५३ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. "शुगर फ्री" शब्दालाही माप आहे: १०० ग्रॅममध्ये साखर ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त नको. पाकीटबंद विक्री करणार असाल तर एफएसएसएआय नोंदणी आधी, स्टिकर नंतर.

खरं सांगणाऱ्या पाटीला कायदाही आड येत नाही: "आजची कमी कर्बोदकांची भाजी: मेथी, लवकी, ढेमसं. ताजी, निवडलेली."

या आठवड्याचं काम

एक, तुमच्या गुजरीत येणाऱ्या भाज्या तीन खान्यांत लिहा. दोन, दहा ओळखीच्या गिऱ्हाइकांना विचारा की चिरलेली भाजी किती रुपयांना घेतील आणि आठवड्यातून किती दिवस. तीन, वरचा हिशेब तुमच्या भावात मांडा आणि किती पिशव्या उरल्या की नफा शून्य होतो ते काढा.

तो आकडा हातात आला की मग सुरी घ्या. कमेंटमध्ये तुमच्या गावचं नाव आणि तो आकडा लिहा, पुढच्या व्हिडिओत त्यातले दोन हिशेब घेऊन बोलू.