शिकवणं शिकताना – लेखांक 6 : वर्गाचं दार

गेल्या लेखांकात ऑनलाइन शिकवण्याचे दोन प्रकार पाहिले. एकात तास आधीच रेकॉर्ड केलेला असतो आणि विद्यार्थी तो सवडीने ऐकतो. दुसऱ्यात सगळे एकाच वेळी पडद्यासमोर हजर असतात. त्यावर एका शिक्षिकेने कळवलं, "हजर असतात, पण बोलत कुणीच नाही. प्रश्न विचारला की नुसती शांतता." आज त्या शांततेबद्दल.

मध्य प्रदेशातले करोनाचे पहिले रुग्ण आमच्या जबलपुरातच सापडले, 20 मार्च 2020 रोजी. त्यानंतर काही दिवसांतच नेपियर टाउनमधल्या घराच्या मागच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटाला पाठ लावून मी बी.एड.च्या विद्यार्थ्यांचा पहिला ऑनलाइन तास घेतला. विषय होता 'वर्गात प्रश्न कसा विचारावा'. बावीस वर्षं शिकवलेला. पहिला प्रश्न विचारला. शांतता. उत्तर मीच दिलं. दुसऱ्या प्रश्नाचंही दिलं. तास संपला तेव्हा लक्षात आलं की चाळीस मिनिटं मी एकटीच बोलले होते.

या शांततेमागचं कारण समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. मेरी बड रो या अमेरिकन विज्ञानशिक्षण-संशोधिकेने 1970च्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं ऐकून एक साधी गोष्ट मोजली : प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतात? उत्तर निघालं, सरासरी जेमतेम एक सेकंद. तेवढ्यात कुणी बोललं नाही की शिक्षक दुसऱ्याला विचारतात, प्रश्न बदलतात किंवा स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. हेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं की मुलांची उत्तरं लांबतात, 'माहीत नाही' म्हणणारी मुलं कमी होतात आणि एरवी गप्प राहणारीही तोंड उघडतात. हा 'प्रतीक्षाकाळ' मी दरवर्षी फळ्यावर लिहून देत आले होते.

पण पडद्यावर तीन सेकंद पुरत नाहीत. आवाज उशिरा पोहोचतो. मुलीला उत्तर सुचलं तरी माइक चालू करायचा असतो, त्याआधी शेजारी भाजी निवडत बसलेल्या आजीला गप्प राहायला सांगायचं असतं, आणि दुसरं कुणी बोलायला लागलं नाही ना, हेही बघायचं असतं. याहून मोठी अडचण शिक्षकाची असते. खोलीतली शांतता भरलेली असते. कुणाचं पेन थांबलेलं दिसतं, कुणाच्या कपाळावर आठी येते, आणि उत्तर कुठून येणार याचा अंदाज बांधता येतो. पडद्यावर काळे चौकोन आणि नावं, एवढंच. काहीच दिसत नाही म्हणून आपण घाबरतो, आणि घाबरलो की बोलत सुटतो. आता मी दहा सेकंद थांबते, मनात आकडे मोजत.

हे मला एकटीला उमगलेलं नाही. आमच्याकडे वीज गेली की माझा तास तुटायचा, म्हणून विद्यार्थ्यांना आत घ्यायला एक तरुण सहकारी माझ्या तासाला बसू लागली. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "मैडम, आप सवाल के बाद रुकती नहीं हैं. मैंने गिना." फोन ठेवल्यावर मी त्या दिवसाचं रेकॉर्डिंग लावलं. तिचं मोजणं बरोबर होतं.

बी.एड.मध्ये सरावपाठ असतो. विद्यार्थी-शिक्षक शाळेत जाऊन तास घेतो, आम्ही निरीक्षणवही घेऊन शेवटच्या बाकावर बसतो. असे शेकडो पाठ मी पाहिले, वह्या भरून सूचना दिल्या. पण त्या बावीस वर्षांत माझ्या स्वतःच्या तासाला शेवटच्या बाकावर कुणी बसलं नव्हतं. शिक्षकाचा धंदा असा विचित्र आहे. सुताराचं काम दुसरा सुतार रोज बघतो, शिक्षकाच्या वर्गाचं दार मात्र लागलेलं असतं. पडद्याने ते उघडलं, आणि टाळेबंदीच्या त्या वर्षातलं हेच मला सर्वांत मोलाचं वाटतं.

त्या फोननंतर आम्ही सहा जण दर गुरुवारी जमू लागलो. चौघं जबलपूरची, एक सर कटनीचे, एक मंडल्याची शिक्षिका. दर आठवड्याला एकाच्या तासात इतरांनी अर्धा तास बसायचं आणि मग बोलायचं. नियम एकच : स्तुती नको, उपदेश नको, विद्यार्थ्यांनी काय केलं तेवढंच सांगायचं. मंडल्याच्या ताईंकडे नेटवर्क इतकं कमजोर की चालू तास चालतच नसे. त्या आदल्या संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर आवाजात एकच प्रश्न पाठवत. मुलं शेतावरून, अंगणातून आवाजातच उत्तरं देत. दुसऱ्या दिवशी ताई त्यातली दोन परस्परविरोधी उत्तरं ऐकवून विचारत, यांत बरोबर कोण? आमच्या सहा जणांत सर्वांत जास्त मुलं त्यांच्याकडे बोलायची.

दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांचा एक सिद्धान्त इथे उपयोगी पडतो. ते म्हणतात, शिकवणाऱ्या-शिकणाऱ्यातलं अंतर मैलांत मोजू नका. तासाचा साचा जितका घट्ट आणि संवाद जितका कमी, तितकं अंतर जास्त. या हिशेबाने मंडल्याची मुलं त्यांच्या ताईंच्या जवळ होती आणि जबलपुरातली माझी मुलं माझ्यापासून लांब.

2017 साली सुरू झालेल्या 'स्वयम्' या ऑनलाइन कोर्सांच्या मंचाची रचना करणाऱ्यांनाही हे ठाऊक असणार. तिथल्या प्रत्येक कोर्सचे चार भाग ठरलेले आहेत : व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वाध्याय आणि चर्चा. पहिले तीन एकदा नीट तयार केले की वर्षभर चालतात. चौथ्यासाठी रोज कुणीतरी तिथे जाऊन बसावं लागतं. शिक्षकांच्या ऑनलाइन प्रशिक्षणात पैसा आणि माणसं या चौथ्या भागावर लागायला हवीत, असं माझं ठाम मत आहे. 2020च्या मे महिन्यात आमच्या राज्याने 'दीक्षा' या ऑनलाइन मंचावर शिक्षकांचं डिजिटल प्रशिक्षण सुरू केलं. त्या घाईच्या दिवसांत इतक्या शिक्षकांपर्यंत पोहोचणं हे मोठंच काम होतं. प्रमाणपत्र हातात आल्यानंतर वर्गात अडलं तर विचारायचं कुणाला, हा प्रश्न मात्र उरतोच.

याचं उत्तर आमच्याच नर्मदेकाठी एकदा सापडलं होतं. जबलपूरच्या ग्वारीघाटावरून वाहणारी नर्मदा पुढे होशंगाबादला, आताच्या नर्मदापुरमला, पोहोचते. त्या जिल्ह्यात 1972 साली 'किशोर भारती' आणि 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या संस्थांनी 16 शाळांत होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम सुरू केला. 1978मध्ये तो जिल्हाभर पसरला, पुढे 1982मध्ये स्थापन झालेल्या 'एकलव्य'ने तो सांभाळला, आणि 2002मध्ये तो शाळांतून बंद झाला. उन्हाळ्याच्या प्रशिक्षणात शिक्षक मुलांसारखे टोळीटोळीने बसून 'बाल वैज्ञानिक' या कार्यक्रमाच्या पुस्तकांमधले प्रयोग स्वतः करत. विद्यापीठांतले शास्त्रज्ञही त्यांच्यासोबत असत. शाळा सुरू झाल्यावर दर महिन्याला शिक्षकांची गोष्ठी भरायची. कुठला प्रयोग फसला, मुलांनी काय विचारलं, हे तिथे उघडपणे बोललं जायचं. शिवाय 'अनुवर्तन' होतं, म्हणजे अनुभवी सोबती शाळेत येऊन वर्गात बसायचा. तपासणीसाठी नव्हे, मदतीला. इंटरनेट नव्हतं, पण शिक्षकाला 'मला हे जमलं नाही' असं म्हणायला जागा होती.

आमची गुरुवारची बैठक त्या गोष्ठीचंच छोटं रूप आहे, असं मी मानते. महाविद्यालयं पुन्हा उघडली तरी ती बंद पडली नाही. ज्याची पाळी असेल तो विद्यार्थ्यांना विचारून लॅपटॉप मागच्या बाकावर ठेवतो, बाकीचे आपापल्या गावातून आत डोकावतात. मंडल्याच्या ताई कधीकधी फक्त ऐकू शकतात, तरी येतात.

या गुरुवारी पाळी माझी आहे. कटनीच्या सरांनी आधीच कळवलंय, या वेळी लॅपटॉप पुढे ठेवून मुलांकडे वळवा, मला तुम्हाला बघायचं नाही, शेवटच्या दोन बाकांवर कोण गप्प बसतं ते बघायचंय.